अक्कलदाढ काढायची का? आधी तिच्या शेजारणीकडे बघा

माझी खालची डावी अक्कलदाढ सात वर्षं जबड्यात आडवी पडून होती आणि एकदाही दुखली नाही. एक्स-रेत ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी 23 वर्षांची होते. "दुखत नाही ना, मग कशाला हात लावायचा," असं आईचं म्हणणं पडलं आणि मलाही ते पटलं. तिशीत दुखायला लागलं ते तिच्या पुढच्या दाढेत. जिथे ब्रश पोचत नाही आणि आरशातही दिसत नाही अशा मागच्या बाजूने, हिरडीच्या खाली, ती पार आतपर्यंत किडली होती. रूट कॅनल करून वाचवण्याइतकी भिंतही तिला उरली नव्हती. एका दिवसात दोन दाढा गेल्या. एक तशीही जायलाच हवी होती. दुसरीने मला म्हातारपणापर्यंत भाकरी चावून दिली असती.

तेव्हापासून कोणी अक्कलदाढेबद्दल विचारलं की मी आधी विचारते, तिच्या पुढची दाढ कशी आहे? पुष्कळदा निर्णय तिथेच होतो.

दाढ अडकते म्हणजे काय होतं

कायमच्या दातांमधली पहिली मोठी दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, दुसरी बाराव्या वर्षाच्या आसपास. तिसरी येते 17 ते 25 या वयात, माणूस जाणता होण्याच्या काळात, म्हणून ती अक्कलदाढ. दोन वर आणि दोन खाली अशा चार असतात. काहींना तीनच असतात, काहींना दोन, काहींना एकही नसते. नसली तर बिघडत काहीच नाही.

ती सगळ्यात शेवटी येते आणि तोवर जबड्यातली जागा संपलेली असते, हा खरा घोळ. भरलेल्या बाकावर शेवटी आलेल्या माणसाने जसं कुशीवर होऊन बसावं, तशी ती तिरकी होऊन बसते. बहुतेक वेळा पुढे झुकते आणि तिचं डोकं दुसऱ्या दाढेच्या पाठीला टेकतं. कधी पूर्ण आडवी असते, कधी मागे कललेली, कधी सरळ उभी पण हाडात अर्धीच वर आलेली. डॉक्टर याला 'इम्पॅक्टेड' म्हणतात, म्हणजे अडकलेली. खालच्या जबड्यात हे जास्त त्रासदायक ठरतं, कारण तिथलं हाड घट्ट असतं.

पूर्णपणे हाडाच्या आत बुजलेली दाढ बरेचदा आयुष्यभर गप्प राहते. त्रास देते ती अर्धवट बाहेर आलेली. तिच्यावर हिरडीचा एक पदर झाकणासारखा पडलेला असतो. त्याखाली भाताचं शीत, चिवड्यातला शेंगदाण्याचा तुकडा, काहीही जाऊन बसतं आणि ब्रश तिथे शिरत नाही. तिथे जंतू वाढतात, पदर सुजतो, सुजलेल्या पदरावर वरची दाढ आपटते आणि तो आणखी सुजतो. मग गिळताना दुखतं, कानात कळ जाते, तोंडाला वास येतो आणि दोन बोटंसुद्धा मावणार नाहीत इतकं तोंड आखडतं. चार दिवसांत हे निवळतं आणि माणूस विसरून जातो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच. हा फेरा एकदा सुरू झाला की सहसा आपला आपण थांबत नाही.

दुसरा त्रास माझ्या वाट्याला आला तो. पुढे झुकलेली अक्कलदाढ आणि दुसरी दाढ यांच्यामध्ये पाचरीसारखी खाच तयार होते. तिथे अन्न अडकून दुसऱ्या दाढेला कीड लागते किंवा तिच्या मागचं हाड झिजतं. यात ठणका लागतो तो फार उशिरा. म्हणूनच 'दुखत नाही' एवढ्यावर विसंबणं मला धोक्याचं वाटतं.

काढायची की राहू द्यायची

'अक्कलदाढ दिसली की काढा' हेही चूक आणि 'दुखेपर्यंत हात लावू नका' हेही चूक. या प्रश्नावर देशोदेशीची रीतही वेगळी आहे. अमेरिकेत कॉलेजच्या वयात चारही दाढा एकदम काढून टाकण्याची पद्धत वर्षानुवर्षं रुळलेली आहे. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या 'नाइस' या संस्थेने 2000 साली सांगितलं की अडकलेली असली तरी निरोगी असलेली अक्कलदाढ सरसकट काढू नये. शस्त्रक्रियेलाही धोके असतात, मग ते विनाकारण का घ्यायचे, हा त्यामागचा विचार, आणि तो रास्त आहे. पण पुढच्या काळात तिथल्याच शल्यचिकित्सकांनी दाखवून दिलं की दाढा काढाव्या लागणाऱ्यांचं वय वाढत गेलं आणि शेजारच्या दाढेची कीड हे कारण जास्त दिसू लागलं.

मला यातून एवढंच कळतं की दाढ ठेवायची असेल तर तिच्यावर नजर ठेवायची. वर्ष-दीड वर्षाने तपासणी आणि डॉक्टरांना गरज वाटेल तेव्हा एक्स-रे. 'ठेवली' म्हणजे 'विसरलो' असं नाही. मी विसरले होते.

काढायलाच हवी अशी कारणं साधारण ठरलेली आहेत. हिरडीचा तो पदर पुन्हा पुन्हा सुजणं, स्वतः अक्कलदाढच नीट भरता येणार नाही अशी किडणं, पुढच्या दाढेला कीड लागणं किंवा तिच्या मागचं हाड झिजणं आणि क्वचित दाढेभोवती पाण्याची गाठ होणं. पुढे झुकलेली, अर्धवट बाहेर आलेली आणि शेजारणीला टेकलेली दाढ पंचविशीच्या आत दिसली, तर दुखत नसतानाही काढण्याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणी बोला, असं मी माझ्या भाच्यालाही सांगितलं. तरुणपणी मुळं पुरती तयार झालेली नसतात, हाड थोडं लवचिक असतं आणि जखम लवकर भरते. चाळिशीनंतर तीच दाढ काढणं अवघड होतं आणि भरून यायलाही वेळ लागतो.

सरळ आलेली, वरच्या दाढेशी नीट मिळणारी आणि ब्रशने साफ होणारी अक्कलदाढ मात्र राहू द्यावी. 'पुढचे दात वाकडे होऊ नयेत म्हणून काढा' असं कोणी म्हणालं तर आणखी एका डॉक्टरांना विचारा. अक्कलदाढेच्या रेट्याने पुढच्या दातांची गर्दी होते हा जुना समज अभ्यासांत टिकलेला नाही.

मुलगा किंवा मुलगी शिकायला परदेशी निघाली की बरीच घरं जाण्याआधी दाढांचं बघून घेतात. तिकडे दाताचा खर्च फार आणि विद्यार्थ्यांच्या विम्यात दात बरेचदा नसतात, त्यामुळे हे शहाणपणाचंच आहे. फक्त विमानाच्या आदल्या आठवड्यात नको. मध्ये निदान तीन आठवडे ठेवा. बाळाचा विचार चालू असलेल्या आणि ही हिरडी वरचेवर सुजणाऱ्या मुलींनीही आधी हे मिटवून घ्यावं. गरोदरपणात हिरड्या जास्त सुजतात आणि तेव्हा औषधांवर, एक्स-रेवर बंधनं येतात.

एक्स-रेत डॉक्टर काय शोधतात

छोट्या एक्स-रेत ही दाढ नीट मावत नाही, म्हणून ओपीजी काढतात. यात यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि दोन्ही जबडे एका पट्टीवर दिसतात. डॉक्टर दाढेचा कल बघतात, मुळं सरळ आहेत की आकड्यासारखी वळलेली ते बघतात आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालच्या जबड्याच्या हाडातून जाणारी नस मुळांच्या किती जवळ आहे ते बघतात. खालच्या ओठाची आणि हनुवटीची जाणीव या नसेतून येते. तिला धक्का बसला तर ओठाचा तो भाग बधिर राहतो. बहुतेकांचं हे बधिरपण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातं. कायमचं राहण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे, पण शून्य नाही. जिभेची नसही जवळून जाते, तिच्याबाबतीतही हेच.

ओपीजीत मूळ आणि नसेची वाट एकमेकांवर आलेली दिसली, तर सीबीसीटी नावाचा जबड्याचा स्कॅन सांगतात. त्यात नस मुळाच्या कोणत्या बाजूने जाते ते कळतं. फारच चिकटून असेल तर काही वेळा दाढेचं फक्त डोकं कापून काढतात आणि मुळं तशीच हाडात राहू देतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण योग्य निवडलेल्या रुग्णात नस वाचवण्याचा हा मान्य मार्ग आहे.

'माझी नस किती जवळ आहे, मला दाखवा' असं डॉक्टरांना नक्की म्हणा. चांगला डॉक्टर पडद्यावर बोट ठेवून दाखवतो. दाढ अवघड असेल तर मुखशल्यचिकित्सक, म्हणजे याच विषयात एमडीएस केलेला डॉक्टर काढणार आहे का, हेही विचारा. पुष्कळ दवाखान्यांत असे सर्जन ठरल्या दिवशी येतात. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईचं नायर दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय आहे. तिथे अशा दाढा रोज काढल्या जातात. रांग असते, हे खरं.

डॉक्टरांपासून काही लपवू नका

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा आणि स्वतःच्या मनाने बंद करू नका. दाढेचं रक्त थांबवता येतं. गोळी बंद केल्याने हृदयात किंवा मेंदूत गुठळी झाली तर ते फार महागात पडतं. मधुमेह असेल तर साखरेचे ताजे आकडे न्या. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली औषधं किंवा वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन, हे आपल्याकडे आजी-आजोबांच्या हमखास लक्षातून जातं. त्या औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो, म्हणून ते सांगायलाच हवं. हृदयाची झडप बदललेली असेल, कशाची अॅलर्जी असेल, पोटात बाळ असेल, तेही सांगा.

तंबाखू, गुटखा, मशेरी याबद्दल तर खरंच बोला. गुटख्याने गाल आतून कडक होऊन तोंड कमी उघडत असेल, तर सर्जनला मागच्या दाढेपर्यंत पोचणंच कठीण जातं. हे खुर्चीत बसल्यावर नाही, आधी कळायला हवं.

हिरडी सुजलेली असताना डॉक्टर बरेचदा आधी सूज उतरवायला सांगतात. त्याला कारण आहे. संसर्ग झालेल्या जागी आम्लता वाढते आणि भुलीचं औषध नीट चढत नाही. त्यासाठीची अँटिबायोटिक मात्र त्यांनी दिली तरच घ्या, मागच्या वेळची उरलेली नको. आणि दुखऱ्या जागी तंबाखूची चिमूट किंवा अॅस्पिरिनची गोळी धरू नका, हिरडी भाजते.

खुर्चीतला अर्धा तास

जागेवरच सुन्न करून काढणार असतील तर नीट जेवून जा. उपाशीपोटी भीतीने चक्कर येते. पूर्ण भूल देणार असतील तर उलट, सांगितलेले तास उपाशी राहायचं आणि सोबत कोणाला तरी न्यायचं.

सुई टोचते तेवढं दुखतं. पाच-दहा मिनिटांत अर्धा ओठ जड, सुजल्यासारखा वाटू लागतो. प्रत्यक्षात सुजलेला नसतो. पुढे काय जाणवणार ते आधी माहीत असलं की भीती निम्मी होते. भूल वेदना थांबवते, दाब नाही. त्यामुळे ढकलल्यासारखं, जबडा हलवल्यासारखं वाटतं. हिरडी थोडी उघडतात, दाढेभोवतीचं हाड पाण्याच्या धारेखाली किंचित कोरतात आणि बहुतेक वेळा दाढेचे दोन-तीन तुकडे करून एकेक काढतात. तुकडे करणं म्हणजे काही बिघडलं असं नाही. लहान वाटेने मोठी वस्तू काढायची आणि हाड कमी कापायचं, म्हणून ते करतात. यंत्राचा आवाज हाडातून थेट कानात येतो, त्यामुळे फार मोठा वाटतो. जरा जरी टोचल्यासारखं दुखलं तर हात वर करा, आणखी भूल देता येते. सहन करत बसण्यात काही शौर्य नाही. शेवटी जागा धुऊन टाके घालतात.

आपल्याकडे एक भीती घराघरात आहे: वरची दाढ काढली की डोळा अधू होतो. हे खरं नाही. दातांची जाणीव नेणारी नस वेगळी आणि दृष्टीची नस पूर्णपणे वेगळी. चेहऱ्याच्या एकाच मोठ्या नसेच्या फांद्या दातांकडेही जातात आणि डोळ्याभोवतीच्या त्वचेकडेही, म्हणून वरची दाढ ठणकली की कळ डोळ्यापर्यंत जाते. समज बहुधा तिथूनच आला असावा. या समजापायी कुजलेली दाढ वर्षानुवर्षं तोंडात ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत आणि फार वाईट वाटतं.

गुठळी सांभाळा

दाढ निघाल्यावर तिच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी होते. पुढची सगळी पथ्यं या एका गुठळीसाठी आहेत. ती हाडावरचं पांघरूण आहे. तिच्यातूनच नवं मांस आणि पुढे हाड तयार होतं. ती निसटली तर खालचं हाड आणि नसांची टोकं उघडी पडतात. याला ड्राय सॉकेट म्हणतात. दुखणं कमी होण्याऐवजी तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम वाढतं, कानापर्यंत ठणकतं, घाण वास येतो. अवघड खालच्या दाढांनंतर हे बऱ्याच जणांना होतं आणि सिगारेट ओढणाऱ्यांना जास्तच. असं वाटलं तर घरी गोळ्या खात बसू नका. डॉक्टर खड्डा धुऊन त्यात औषधाची पट्टी ठेवतात, तिला लवंगेच्या तेलाचा वास असतो, आणि आराम पुष्कळदा त्याच दिवशी पडतो.

गुठळी टिकवायची म्हणजे गॉजचा बोळा अर्धा ते पाऊण तास दाताखाली घट्ट धरायचा, सारखा उघडून बघायचा नाही. पहिले 24 तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, लाळ गिळायची. लाळ गुलाबी दिसेल, एक दिवस तशी चालते. थेंबभर रक्त लाळेत मिसळून खूप दिसतं. भळभळ थांबत नसेल तर नवा बोळा अर्धा तास दाबून धरा, तरीही थांबलं नाही तर फोन करा. स्ट्रॉ नको, ओढण्याच्या दाबाने गुठळी सुटते. कोणी प्रेमाने शहाळं आणलं तर पाणी पेल्यात काढून प्या. सिगारेट, तंबाखू, मशेरी निदान तीन दिवस पूर्ण बंद, आठवडाभर राहिलात तर फारच चांगलं.

पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ, फडक्यात गुंडाळून, 15 मिनिटं ठेवायचा आणि 15 मिनिटं काढायचा. गरम शेक नको. दुखण्याची पहिली गोळी भूल उतरायच्या आधीच घ्या, ओठ जागा होण्याची वाट बघू नका. पोटात व्रण, दमा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर कोणती गोळी चालेल हे आधी विचारलेलं असू द्या. मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक दिलं असेल तर दारू पूर्ण वर्ज्य. रात्री दोन उशा घ्या. आणि ओठ बधिर असताना गरम चहा नको, भाजलेलं कळत नाही.

दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून चार-पाच वेळा. पाणी तोंडात खळखळवायचं नाही. मान कलती करून फिरवायचं आणि बेसिनमध्ये नुसतं पडू द्यायचं. बाकी दात नेहमीसारखे घासा.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, हे आधी कोणी सांगत नाही आणि माणूस घाबरतो. पहिल्या दिवसापेक्षा तिसऱ्या दिवशी गाल मोठा दिसला तर ते ठरल्याप्रमाणेच चाललं आहे. तोंडही कमी उघडतं. गालावर हिरवट-पिवळा डाग दिसू शकतो, तो आठवडाभरात उतरतो.

खायला गुरगुट्या भात, मुगाची पातळ खिचडी, नाचणीची आंबील, दही, केळं, मऊ शिरा. आंबील कोमट किंवा गार. पोहे, चिवडा, तीळ, शेंगदाणे, कडक भाकरी आठवडाभर बाजूला, त्यांचे कण नेमके खड्ड्यात जातात. वरची दाढ काढली असेल तर तिच्या मुळांवरच नाकाशेजारची हाडाची पोकळी असते, म्हणून काही दिवस नाक जोराने शिंकरू नका आणि शिंक तोंड उघडून द्या.

टाके विरघळणारे नसतील तर साधारण सातव्या दिवशी काढतात, त्याला क्षणभर लागतो. हिरडी वरून भरायला तीन-चार आठवडे जातात, खालचं हाड भरायला काही महिने.

ताप चढला, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढतच राहिली, पू आला किंवा ओठ दुसऱ्या दिवशीही सुन्नच राहिला तर डॉक्टरांना कळवा. सूज हनुवटीखाली, गळ्याकडे उतरू लागली, जीभ वर उचलल्यासारखी वाटली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर दाताच्या दवाखान्याची वेळ बघत बसू नका. सरळ मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, रात्र असली तरी. असा संसर्ग काही तासांत श्वासाची वाट अडवू शकतो.

माझी उजवीकडची अक्कलदाढही तशीच पुढे झुकलेली होती. डावीकडचं सगळं भोगून झाल्यावर ती मी न दुखताच काढून घेतली. तिसऱ्या दिवशी गाल असा सुजला की शेजारच्या काकूंनी दारातूनच विचारलं, काय झालं गं. सातव्या दिवशी टाके निघाले. सहा महिन्यांनी एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टरांनी पडद्यावर पुढच्या दाढेच्या मागच्या कडेवर बोट फिरवून दाखवलं, कड अखंड होती. आता रोज रात्री ब्रश तिच्या पाठीमागे पोचतो, आणि मी तो तिथे जरा जास्त वेळ फिरवते.